ब्रेकच्या आधी

१

माझं पोट कानावर चालतं. ब्रेक दाबल्यावर बारीक शीळ आली तर पॅड चकाकलाय, खरड आली तर पॅड संपून लोखंडाला लोखंड घासतंय, टकटक आली तर एखादी क्लिप निसटलीय. चाक न उघडता मी हे सांगतो आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगतो. दहाव्या वेळी गप्प बसतो आणि चाक उघडतो.

गॅरेज आम्हां दोघा भावांचं आहे. धाकटा इंजिन बघतो, मी ब्रेक. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा शाळेत होता, त्यामुळे त्याला कामाला लावलं ते मीच. तो बोलका, मी घुमा. गिऱ्हाइकं गप्पा माझ्याशी मारतात आणि गाडी तुझ्या हातात देतात, असं तो मला नेहमी ऐकवतो.

नर्सबाई आल्या त्या सोमवारी सकाळी. निळी छोटी गाडी, आणि शेजारच्या सीटवर त्यांचे वडील. साखरेनं सहा वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले होते आणि आता मूत्रपिंडंही हात टेकत होती. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे, म्हणून ही गाडी. डोळे होते तेव्हा त्यांनी चाळीस वर्षं लेथवर काढली होती. सगळे त्यांना टर्नर म्हणत, मीही टर्नरकाका म्हणू लागलो. बाईंची तक्रार साधी होती. ब्रेक किंचाळतो, हॉस्पिटलच्या फाटकाशी लोक वळून बघतात.

काकांना उतरवायचं म्हणजे एक कामच, म्हणून ते बसूनच राहिले आणि मी गाडी गोदामांच्या गल्लीत नेली. आमच्या सगळ्या ट्रायल तिथंच होतात. लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच भिंती, आवाज कुठे पळून जात नाही. मी चारदा ब्रेक मारला. चारही वेळा तीच शीळ. पॅड चकाकलाय, मी म्हणालो.

काका मान जराशी तिरकी करून बसले होते. म्हणाले, "मिस्त्री, आवाज आधी येतो. ब्रेक नंतर लागतो."

म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं मी बरं म्हणालो.

२

पुढची चाकं उतरवली. माझा अंदाज बरोबर निघाला. पॅड काचेसारखे चमकत होते आणि कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या कोरड्या ठणठणीत. पिना पुसून ग्रीस लावलं, डिस्कवरून पॉलिश पेपर फिरवला, पॅड नवीन टाकले. नवे पॅड नीट बसावेत म्हणून गल्लीत वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन हळूहळू थांबवली. गाडी चिडीचूप. नर्सबाई समाधानानं घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी परत.

या खेपेला मी एकटाच निघालो. गल्लीच्या मध्यावर आलो, शीळ ऐकली, ब्रेक दाबला, थांबलो. इंजिन बंद करून तसाच बसून राहिलो, कारण काहीतरी खटकलं होतं आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. शीळ वाजली तेव्हा माझा पाय ब्रेकवर नव्हताच. आणि पाय ब्रेकवर गेला तेव्हा गाडी आवाज न करता थांबली होती.

पॅड अडकून घासत असेल, मी स्वतःला समजावलं. असं होतं. गाडी जॅकवर घेतली आणि चाकाला एका बोटानं ढकललं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. कुठंच काही घासत नव्हतं.

३

धाकट्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, दादा, तुझा कान म्हातारा झाला, आता मला शिकव आणि तू घरी बस.

मी नर्सबाईंना काकांना घेऊन यायला सांगितलं. काकांशी ठरवलं की शीळ ऐकू आली की त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर बोट वाजवायचं. बोट वाजलं की मी मनात मोजायला लागायचं आणि पाय ब्रेकवर जाईल तिथं थांबायचं. ब्रेक कधी मारायचा ते आधी ठरवायचं नाही, समोर काही आलं तरच मारायचा. मांजर, सायकल, खड्डा. पहिल्या दिवशी मोजणी एकवर थांबली. प्रत्येक वेळी एकवरच.

मग मी डिस्क उतरवून घासून सपाट करून आणली. तीन दिवस शांत गेले. त्यानंतर मोजणी चारवर गेली. मागच्या चाकांचे ड्रम उघडले, ब्रेकचे शू बदलले, स्प्रिंगा बदलल्या. पुन्हा तीन दिवस शांत. मग अकरा. बोट वाजलं तेव्हा आमच्या पुढचा रस्ता अगदी रिकामा होता. मी अकरा मोजले आणि भिंतीच्या आडून एक शाळेची बस आडवी आली.

मला वाटत होतं मी आवाज दुरुस्त करतोय. खरं म्हणजे मी त्याला लांब ढकलत होतो, आणि लांब जाऊन तो काही मरत नव्हता.

काका मात्र घाबरलेले दिसत नव्हते. परतताना म्हणाले की लेथवर टूल तुटायच्या आधी आवाज बदलतो. क्षणभरच. तो ऐकून हात मागे घेतला म्हणून आज त्यांची दहा बोटं जागेवर आहेत. बरोबरच्यांपैकी ज्यांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकू येऊनही ज्यांनी हात तिथंच ठेवला, त्यांची बोटं मोजून बघा, असं म्हणून ते स्वतःशीच हसले.

४

मी हट्टाला पेटलो. आवाज झाला तरी ब्रेक मारायचाच नाही, मग बघू काय होतं ते.

दुपारची वेळ होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गाडी चालण्याच्या वेगानं नेत होतो. शीळ वाजली. मी ताबडतोब इंजिन बंद केलं, दोन्ही पाय मागे ओढून घेतले आणि गाडी आपोआप रेंगाळत थांबेल याची वाट बघत मोजू लागलो. आठ, नऊ, दहा. अकराला डावीकडच्या गोदामाचं दार उघडलं आणि एक हमाल हातगाडी ओढत पाठमोरा बाहेर आला, थेट बॉनेटसमोर.

पाय माझाच होता. मी तो ब्रेकवर नेल्याचं मला आठवत नाही.

गाडी जागच्या जागी थांबली. पण कसलाच आवाज झाला नाही. टायरचा नाही, धक्क्याचा नाही. हमालाला पत्ताच नव्हता. त्याची कंबर बॉनेटला टेकली तेव्हा तो दचकून वळला आणि मला चार शब्द सुनावले. गाडी अंगावर घालताना निदान आवाज तरी करावा, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं चुकलं नव्हतं. मी माफी मागितली आणि गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली.

५

मंगळवारी मी नर्सबाईंना गाडी दोन दिवस ठेवून जायला सांगितलं. चारही चाकं काढली. पॅड, शू, कॅलिपर सगळं टेबलावर मांडलं. नळ्या सोडवून ब्रेक ऑइल डब्यात उतरवलं. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उभी राहिली. ब्रेक म्हणावं असं तिच्यात काही उरलंच नाही.

धाकटा सुटे भाग आणायला गेला होता. मी स्टुलावर बसून जेवणाचा डबा उघडला. समोर ती निळी गाडी, काचा खाली, आत कोणी नाही. काकांच्या बाजूचा सीटबेल्ट दाराबाहेर लोंबत होता. शेजारच्या छापखान्याचं मशीन जेवणाच्या सुट्टीत बंद झालं आणि बरंच शांत झालं.

तेव्हा तो आवाज झाला. या खेपेला शीळ नव्हती. कोणीतरी पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला होता आणि चाकं जाम होऊन घसटत होती. आवाज लांबत गेला. टेबलावरचे पॅड हलले नाहीत, डब्यातलं ऑइल हललं नाही. मग धप्प. भिजलेलं पोतं खाली टाकावं तसं. आणि त्याच्या पाठोपाठ, डाव्या खिडकीतून, टर्नरकाकांचा आवाज.

"मागे घेऊ नकोस. मिस्त्री खाली आहेत."

घास माझ्या हातातच राहिला.  छापखान्याचं मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा उठलो आणि आत डोकावलो. सीट रिकामी होती. मग गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघितलं. फरशीवर ऑइलचा एक डाग होता आणि माझं हात पुसायचं फडकं पडलं होतं.

६

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण विश्वास ठेवणार, असं मी तेव्हा म्हणत होतो. आता म्हणतो, मी सांगितलं नाही एवढंच खरं.

काका मला मिस्त्री म्हणायचे. म्हणजे खाली मी होतो. गाडी सुरू झाली नाही तर कोणी खाली जायचा प्रश्नच नाही, म्हणून मी नर्सबाईंना थापा मारू लागलो. भाग मिळत नाही. मिळाला तो चुकीचा निघाला. दोन बसेस बदलून काकांना न्यायचं म्हणजे बाईंचे हाल होत होते. गुरुवारी त्यांना उशीर झाला, नंबर गेला आणि काका दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिले. शुक्रवारी बाई स्वतः गॅरेजवर आल्या. वडिलांचे पाय सुजून चपलेत मावेनासे झालेत, एवढंच सांगितलं. म्हणाल्या, आवाज राहू दे, गाडी द्या.

नाही कसं म्हणणार? मी सगळं जोडलं, ऑइल भरलं, नळ्यांतली हवा काढली. शनिवारी सकाळी शेवटची ट्रायल ठरली. बाई गाडी चालवणार, शेजारी नेहमीसारखे काका, आणि मी गल्लीत भिंतीपाशी उभा राहून कोणतं चाक बोलतंय ते ऐकणार. बाहेरून ऐकलं की नेमकं कळतं, म्हणून शेवटची ट्रायल आम्ही अशीच घेतो. मी स्वतः उभा राहीन, असं मी काकांना फोनवर सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी मी धाकट्याला म्हणालो, माझी पाठ धरलीय, तू जा.

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कुठं उभं राहू, एवढंच विचारलं. मी जागा सांगितली.

कसं समजावलं होतं मी स्वतःला, तेही सांगतो. आवाजात मिस्त्री होते. मिस्त्री म्हणजे मी. मी तिथं नसलो की ते घडूच शकत नाही, म्हणजे धाकट्यालाही धोका नाही. उलट मी सगळ्यांनाच वाचवतोय. हे मी मनाशी तीनदा घोकलं. तीनदा घोकावं लागलं यातच सगळं आलं. आणि खोटं का बोलू, तो गॅरेजबाहेर पडला तेव्हा मला हलकं वाटलं.

७

गाडी गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. पाने पुसले, ओळीनं लावले. आणि हातात चौदा नंबरचा पाना असताना मला कळलं की काकांना दिसत नाही. भिंतीपाशी जो उभा असेल तो त्यांच्या दृष्टीनं मीच.

गल्लीचं तोंड गॅरेजपासून दोनशे पावलांवर आहे. मी धावलो. मला मधल्या बोळातून जवळची वाट माहीत होती, ती थेट गल्लीच्या मध्यावर निघते.

बोळातून बाहेर पडलो तेव्हा धाकटा रस्ता ओलांडत होता. डाव्या चाकाचं ऐकून झालं असावं, आता उजव्या चाकासाठी पलीकडच्या भिंतीकडे निघाला होता. गाडीकडे त्याची पाठ होती. तो वळून बघत नव्हता, कारण आमच्या धंद्यात गाडी कुठं आहे ते आम्ही कानानंच बघतो. आणि कानाला काही सांगितलं जात नव्हतं.

त्याच्या मागून गाडी येत होती. नर्सबाईंचे हात स्टिअरिंगवर ताठ झाले होते, त्या सीटवरून उठल्यासारख्या दिसत होत्या. पुढची चाकं थांबलेली होती आणि गाडी धुळीवरून घसरत होती. मी ती घसरताना बघितली. काडीचा आवाज नव्हता. माझे स्वतःचे श्वास मला ऐकू येत होते, वरच्या तारेवरचे कावळे ऐकू येत होते. गाडी नाही.

मी धाकट्याच्या नावानं हाक मारली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो हसला, पाठ बरी झाली वाटतं असं काहीतरी म्हणायच्या बेतात. मग तो दिसेनासा झाला. बॉनेटखाली गेला. धप्पसुद्धा झालं नाही.

गाडी थांबली. काचेआड काका समोर हात आपटत होते. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. तीन फुटांवर बसलेल्या त्यांच्या मुलीला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. बाईंना वाटलं असावं की गाडी माणसावरून दूर करायला हवी. त्यांनी गिअर टाकला आणि मान वळवून मागे बघितलं.

ते शब्द फक्त मी ऐकले होते. मंगळवारी, दुपारी, डबा खाताना.

"मागे घेऊ नकोस," मी ओरडलो. "मिस्त्री खाली आहेत."

नर्सबाईंना मी कधी अगंतुगं केलं नव्हतं. त्या जागीच थिजल्या. गाडी बोटभरही हलली नाही.

जॅक लावून आम्ही गाडी उचलली तेव्हा धाकट्याचं डोकं डाव्या चाकाच्या मागे होतं. मध्ये माझा तळवा जेमतेम मावला असता.

८

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, खुब्याला मार होता. जीव वाचला. तो पुढं लंगडेल, असं डॉक्टर म्हणाले.

नर्सबाई रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, की ब्रेक पूर्ण दाबला होता, पण आवाज आला नाही, आणि बाबाही काही बोलले नाहीत. काका बाकावर बसून ऐकत होते. त्यांचा घसा इतका बसला होता की शब्द जेमतेम फुटत होता. ओरडून ओरडून बसला होता.

बाई औषधं आणायला गेल्यावर त्यांनी चाचपत माझा हात शोधला आणि धरून ठेवला.

"मिस्त्री, तुम्ही माझेच शब्द बोललात. कधी ऐकले होते?"

"मंगळवारी," मी म्हणालो.

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. 

"म्हणजे आज तिथं तुम्ही उभे राहणार होता."

  त्यांनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

९

नर्सबाई त्या गाडीला पुन्हा शिवल्या नाहीत. दुसरी सोय होईपर्यंत माझी गाडी त्यांना दिलीय. निळी गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात आहे, बॅटरी काढलेली, काचा वर केलेल्या. भंगारवाला येतो येतो म्हणतोय.

धाकटा घरी आहे, पाय प्लॅस्टरमध्ये. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की दादा वेळेवर धावला म्हणून मी आहे. त्याची बायको मला खुर्ची पुसून देते. तो विनोद करतो, गॅरेजचं विचारतो, कोणती गाडी आली, कोणाचा क्लच गेला. दुसरं काही त्यानं अजून विचारलेलं नाही.

गेल्या बुधवारी सकाळी मी एका टॅक्सीखाली झोपून काम करत होतो. गॅरेजमध्ये मी एकटा होतो. कोपऱ्यातून, त्या बंद काचांच्या आतून, धाकट्याचा आवाज आला. हळू, आणि नेहमीची मस्करी त्यात नव्हती.

"दादा, तुझी पाठ दुखत नव्हती ना?"

मी हात थांबवला. पाना छातीवर ठेवून पडून राहिलो आणि पुढचं ऐकायला कान लावला. त्याचा श्वास ऐकू आला. खाट करकरली. माझा आवाज येईल म्हणून मी वाट बघत राहिलो, बराच वेळ. माझा आवाज आला नाही.

त्याला आता पाच दिवस झाले. मोजणी कितीवर थांबणार मला माहीत नाही. रोज मी त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसतो आणि तो बोलताना त्याच्या ओठांकडे बघतो. शब्द ऐकू आले की सुटलो म्हणतो. चहा येतो, बोलणं होतं, मी घरी जातो. एखाद्या दिवशी त्याचे ओठ हलतील आणि मला काहीच ऐकू येणार नाही. खोलीत कोणालाच येणार नाही. तो माझ्याकडे बघत थांबेल.